सुरेश चांदवडकर यांचा नुसतं बसण्याचा आराखडा

सुरेश चांदवडकर कतारमध्ये सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहेत. म्हणजे नेमकं काय करता, असं कुणी विचारलं तर ते सांगतात, "बाकीच्यांनी काम करायचं आणि ते कसं करू नये हे मी सांगायचं. सव्वीस वर्षं कुणी ऐकलं नाही म्हणून नोकरी टिकली."

मूळ नाशिकचे, वय एकोणसाठ. नोकरी रास लफानच्या एका गॅस प्रकल्पात, घर दोह्यात तिसऱ्या मजल्यावर. सूक वाकिफच्या बाजारात तीन पायऱ्या चढायच्या असल्या तरी ते कठडा धरतात. गाडी नेहमी उलटी लावतात, कारण पळून जायची वेळ आली तर गाडीचं तोंड रस्त्याकडे हवं. ती वेळ अजून एकदाही आलेली नाही. "आली असती तर मी पहिला बाहेर पडलो असतो," ते म्हणतात. "शशी गॅस बंद केलाय का बघायला परत गेली असती."

शशी म्हणजे त्यांच्या पत्नी शशिकला, वय छप्पन्न, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत गणिताच्या शिक्षिका. यंदा डिसेंबरअखेर चांदवडकर निवृत्त होणार हे ठरल्यावर शशिकलाबाईंच्या मुख्याध्यापकांनी त्यांना आणखी दोन वर्षं थांबायची विनंती केली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी लेखी उत्तर द्यायचं होतं. होकार दिला तर शशिकलाबाई मुलगी ईश्वरीसोबत दोह्यात राहणार आणि चांदवडकर एकटे नाशिकला, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर जाणार. नकार दिला तर दोघं मिळून जाणार आणि दोह्यात नोकरी करणारी ईश्वरी तिथंच राहणार.

शाळेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न चांदवडकरांचा होता.

मार्चमध्ये कंपनीनं त्यांना साठलेली रजा सक्तीनं घ्यायला लावली होती. दोन आठवडे ते घरी होते. तिसऱ्या दिवशी शशिकलाबाईंच्या मसाल्याच्या डब्यांवर भरल्याची तारीख, मुदत आणि धोक्याची पातळी अशा चिठ्ठ्या आल्या. लाल तिखट 'उच्च' होतं, हिंग 'मध्यम'. पाचव्या दिवशी शेगडीसमोर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली गेली. पट्टीच्या आत एका वेळी एकच माणूस. नवव्या दिवशी त्यांनी घरात आग लागल्याची रंगीत तालीम घेतली. शशिकलाबाई दीड मिनिटात खाली पोचल्या. ईश्वरीला अकरा मिनिटं लागली. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून चांदवडकर घड्याळ बघत ओरडत होते, आणि आतून उत्तर येत होतं, "बाबा, आय ॲम वॉशिंग माय हेअर. लेट मी बर्न!"

त्या रजेच्या शेवटच्या दिवशी शशिकलाबाईंनी त्यांना समोर बसवलं.

"अहो, मी तुम्हाला संध्याकाळी सहा ते पहाटे पाच एवढंच ओळखते. उरलेल्या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही."

"उरलेला तोच आहे गं."

"तीच तर भीती आहे."

मग त्यांनी अट सांगितली. ऑगस्टमध्ये आठ दिवस अशा ठिकाणी जायचं, जिथं करण्यासारखं काहीही नाही. तिथं चांदवडकरांनी एक अख्खा दिवस नुसतं बसून दाखवायचं. त्यावरून मुख्याध्यापकांना काय कळवायचं ते त्या ठरवणार. शाळेतल्या एका बाईंनी जर्मनीच्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं एक शेत सुचवलं. गाई, गवत, लाकडी घर, माडीवर दोन खोल्या. भाड्याची गाडी घेऊन आरामात फिरायचं आणि बाकी वेळ गाई बघायच्या. चांदवडकरांनी लगेच होकार दिला आणि त्याच संध्याकाळी आराखडा करायला घेतला.

या आराखड्याबद्दल थोडं सांगायला हवं. चांदवडकर कतारला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात दोन सर्वेक्षकांची गाडी पश्चिमेकडच्या वाळवंटात रुतली. ते कुठं गेलेत, कधी परत येणार आहेत, हे कुणाकडेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले. दोघांपैकी एक जिवंत होता. शोधायला गेलेल्यांमध्ये चांदवडकर होते. पुढं त्या प्रकल्पातले प्रवासाचे नियम त्यांनी लिहिले. निघताना कळवायचं, पोचल्यावर कळवायचं, आणि ऑफिसात एका माणसानं घड्याळ घेऊन बसायचं. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास निरोप नाही आला तर चालकाला फोन. आणखी अर्ध्या तासानं सोबतच्याला. त्यानंतर जिथं पोचायचं तिथं. आणि दोन तास झाले की थेट शोधपथक. नियम असे लिहिलेत की वाचणाऱ्याला डोकं चालवायची मुभाच राहू नये. "डोकं चालवलं की माणूस म्हणतो, येईल थोड्या वेळात," असं ते प्रशिक्षणाच्या वर्गात सांगतात.

जर्मनीच्या गाईंना हे सगळं लागू नव्हतं, हे ते आता मान्य करतात. तेव्हा त्यांनी आठ दिवसांसाठी अकरा पानं लिहिली. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं विश्रांती. घड्याळ घेऊन बसणारा माणूस म्हणून अवधूतची नेमणूक झाली. अवधूत त्यांचा हाताखालचा, कराडचा, अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकलेला. "पाणी प्यायलासुद्धा परवाना काढेल असं पोरगं आहे," हे चांदवडकर त्याच्याबद्दल कौतुकानं सांगत. सहाव्या पानावर पाचव्या दिवसापुढं लिहिलं होतं: 'बसणे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. संभाव्य धोका: मान आखडणे.'

शशिकलाबाईंनी विमानात ते पान वाचलं आणि शांतपणे घडी घालून परत दिलं.

म्युनिकहून निघाल्यावर पहिल्या तासात एकशे चाळीस गाड्या त्यांच्या पुढं गेल्या. आकडा शशिकलाबाईंचा. त्या मोजत होत्या.

"आता त्या आजी गेल्या. त्यांच्या गाडीला मागं सायकल बांधलीये."

"जाऊ दे. त्यांच्याकडे आराखडा नसेल."

महामार्ग सोडून ते अरुंद रस्त्याला लागले तेव्हा चांदवडकरांनी वेग आणखी कमी केला. दोन्ही बाजूंना गवत, वळणं, आणि वळणापलीकडचं दिसत नव्हतं. थोड्या वेळानं मागून भोंगा ऐकू आला. त्यांनी आरशात बघितलं. गवताचे गठ्ठे भरलेली गाडी ओढत एक ट्रॅक्टर वाट मागत होता. चांदवडकर कडेला थांबले. ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्यानं हात हलवून आभार मानले आणि तो पुढं निघून गेला. शशिकलाबाईंनी मोजणीत एक मिळवला. नंतर कळलं, तो म्हातारा त्यांचा यजमान होता. तो घरी त्यांच्या वीस मिनिटं आधी पोचला.

शेताच्या मालकीणबाईंचं नाव रोझविता. साठीच्या, दणकट, मोजकं इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांनी खोली दाखवली, अंगणातला बाक दाखवला आणि म्हणाल्या, "हिअर, नथिंग." म्हणजे इथं काहीही करायचं नाही. चांदवडकरांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत चौदा निरीक्षणं जमा झाली. गोठ्याची शिडी वरून बांधलेली नाही. शेणाच्या खड्ड्याला कठडा नाही. आग विझवायच्या नळकांड्याची तपासणी दोन वर्षांपूर्वीची.

"हे काय लिहिताय?"

"काही नाही. आठवणी."

"आठवणींना नंबर का घातलेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. रोझविताबाई होत्या. त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. चांदवडकरांनी गाडी नियमानुसार उलटी, तोंड रस्त्याकडे करून लावली होती, आणि ती नेमकी गोठ्याच्या दारासमोर होती. दूध न्यायला आलेला टँकर तिच्या तोंडाशी तोंड लावून उभा होता. चांदवडकर पायजम्यावर धावत खाली गेले. धावताना त्यांनी कठडा धरला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. "त्या टँकरवाल्यानं मला काही म्हटलं नाही. नुसता घड्याळाकडे बघत होता. अगदी माझ्यासारखा. माझा चेहरा दुसऱ्यांना कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं."

पाचवा दिवस बसण्याचा होता. सकाळी नऊला चांदवडकर अंगणातल्या बाकावर बसले. शशिकलाबाई शेजारी कॉफी घेऊन बसल्या. नऊ वाजून वीस मिनिटांनी रोझविताबाईंचा नवरा शिडीवर चढला. चांदवडकरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. नऊ बावीसला ते शिडी धरायला गेले. मग शिडी बांधायला दोरी शोधली, आणि दोरी जुनी निघाली म्हणून दुसरी शोधली.

साडेदहाला शशिकलाबाई उठल्या. "चला. तळ्यावर जाऊ. तिथं शिडी नाही."

तळं बारा किलोमीटरवर होतं. चांदवडकरांनी अवधूतला निरोप पाठवला: दहा चाळीसला निघतोय, दोन वाजेपर्यंत शेतावर परत. मग नियमाप्रमाणे फोन गाडीच्या कप्प्यात ठेवला. शशिकलाबाईंचा फोन खोलीतल्या खिडकीत चार्जिंगला राहिला.

तळ्याकाठी एक लांब बाक होता, मागं झाडं. त्यांनी सोबत आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तळ्यात माणसं पोहत होती आणि काठावर एकही जीवरक्षक नव्हता. चांदवडकर पाण्यातली डोकी मोजत होते. सहा. सहा. पाच. पुन्हा सहा. सव्वाबाराच्या सुमाराला मोजणी थांबली. शशिकलाबाईंनी वळून पाहिलं तर त्यांची मान खाली गेली होती. ते झोपले होते.

शशिकलाबाईंनी ओढणीची घडी करून त्यांच्या मानेमागं ठेवली. मग त्या स्वतः बसल्या. एक वाजला, दीड वाजला. दोनला अवधूतला निरोप जायला हवा हे त्यांना माहीत होतं. आराखडा त्यांनी दोनदा वाचला होता. "दोन वाजले तेव्हा मी घड्याळ बघितलं," त्या सांगतात, "आणि ठरवलं, अवधूत थोडा थांबेल. मला उठवायचं नव्हतं. ते शांत झोपलेत म्हणून नाही. मी शांत बसले होते म्हणून."

अवधूत थांबणाऱ्यांतला नव्हता. दोह्यातलं घड्याळ एक तास पुढं असतं. ते त्यानं जर्मन वेळेवर लावून टेबलावर ठेवलं होतं. अडीचला त्यानं चांदवडकरांना फोन केला. फोन गाडीच्या कप्प्यात वाजला. तीनला शशिकलाबाईंना केला. तो खिडकीत वाजला. साडेतीनला शेतावर केला. रोझविताबाईंना त्याच्या बोलण्यातलं 'टू पर्सन्स', 'ओल्ड' आणि 'वॉटर' एवढंच समजलं आणि ते पुरेसं होतं. बरोबर चारला, दोन तास भरल्यावर, त्यानं पुन्हा फोन केला आणि म्हणाला, आता शोधपथक. रोझविताबाई समोरच्या घरात गेल्या. तिथं त्यांचा दीर राहत होता, आणि तो गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख होता.

खोऱ्यात भोंगा वाजला. चांदवडकर खडबडून जागे झाले. त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "असेंब्ली पॉइंट कुठंय?"

"अहो, बसा. गावात काहीतरी असेल."

"म्हणूनच. बाहेरच्यांनी बसून राहायचं नसतं. शशी, यल्ला, चल."

कुठंतरी काहीतरी घडलंय आणि आपण तिथं हजेरी लावली पाहिजे, एवढंच त्यांना दिसत होतं. तीसच्या वेगानं ते गावाकडे निघाले. पहिल्याच वळणावर लाल गाडी उभी होती आणि हेल्मेट घातलेली आठ माणसं दोरखंड उतरवत होती. चांदवडकर थांबले, काच खाली केली आणि विचारलं, आमची काही मदत होईल का. दलाच्या प्रमुखानं हातातला कागद बघितला. मग गाडीचा नंबर बघितला. मग पुन्हा कागद.

"मिस्टर सुरेश?"

"येस."

"यू आर नॉट इन द वॉटर?"

"नो."

एकानं दोरखंड पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली. चांदवडकर गाडीतून उतरले. तेव्हा त्यांच्या तोंडातून जे बाहेर पडलं त्याची शशिकलाबाई अजून नक्कल करून दाखवतात.

"आफ्टर अलार्म, हाऊ मेनी मिनिट्स?"

प्रमुख जरा गोंधळला. "सेवन."

"व्हेरी गुड," चांदवडकर म्हणाले. "व्हेरी, व्हेरी गुड."

मग त्यांनी गाडीच्या कप्प्यातून फोन काढला आणि अवधूतला लावला.

"सर! तुम्ही जिवंत?"

"हो रे."

"मॅडम?"

"इथंच आहेत. हसतायत."

"मग फॉर्म बंद करू, सर?"

"कर."

"कारण काय लिहू?"

"चालक झोपला होता, असं लिही."

"गाडी चालवताना?"

"नाही रे बाबा! बाकावर."

"सर, बाकासाठी कोड नाहीये."

"मी आल्यावर तयार करतो."

त्यांनी अवधूतला एक अक्षर सुनावलं नाही. सुनावण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी अकरा वर्षं जे शिकवलं ते त्यानं केलं होतं, मिनिटाचाही फरक न करता. "मी दुसरा मी तयार केलाय," ते म्हणतात. "हे आधी कळलं असतं तर त्याला जरा कमी शिकवलं असतं."

शेतावर परतल्यावर त्यांनी शशिकलाबाईंना स्वतःहून सांगितलं, "मी नापास. तू होकार देऊन टाक. दोन वर्षं राहा दोह्यात. मी नाशिकला जाऊन माझा मीच डब्यांवर चिठ्ठ्या लावतो."

"निकाल मी लावणार आहे," शशिकलाबाई म्हणाल्या.

झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून काय करू, असं चांदवडकरांनी दलाच्या प्रमुखाला विचारलं होतं. त्यानं सांगितलं, शनिवारी आमची तालीम असते, या. शनिवारी दहा वाजता ते गेले. त्यांना एक हेल्मेट मिळालं. त्यांनी पाण्याच्या पाइपांचे सगळे जोड तपासले आणि दोन जोड एकमेकांत नीट बसत नाहीत हे दाखवून दिलं. आठ जर्मन माणसं त्यांच्याभोवती उभी राहून ते जोड हातात फिरवून बघत होती. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

इकडे शेतावर अंगणातल्या बाकावर शशिकलाबाई एकट्या होत्या. नंतर रोझविताबाई बटाटे सोलायला शेजारी येऊन बसल्या. गाई चरत होत्या. शशिकलाबाईंनी सोबत आणलेलं गणिती कोड्यांचं पुस्तक उघडलं आणि सात कोडी सोडवली. दोन कठीण होती.

पाचला चांदवडकर परत आले. अंगावरचा शर्ट ओला, बुटांना शेण, आणि अंगणाच्या दारातूनच बोलणं सुरू.

"अगं, त्यांच्याकडे जोडांचं रजिस्टरच नाही! मी करून देणार आहे, उद्या..."

"बसा आधी," शशिकलाबाई म्हणाल्या. ते बसले. "निकाल सांगते. परीक्षाच चुकली होती."

"म्हणजे?"

"मी पेपर चुकीचा काढला. तुम्हाला बसलेलं मला बघायचंच नव्हतं. मला बसायचं होतं. आज बसले. पूर्ण सात तास. प्रश्न चुकीचा असला की सगळ्यांना पूर्ण मार्क द्यावे लागतात, आमच्याकडे तसा नियम आहे."

"म्हणजे नाशिकला..."

"येते मी. पण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तुम्ही घरात नसायचं. कुठं जायचं ते तुम्ही बघा. गावातल्या लोकांना शिड्या बांधायला शिकवा. माझ्या स्वयंपाकघरात पट्टी नको."

"रविवारी?"

"रविवारी अर्धा दिवस. खलास."

शाळा उघडली त्या दिवशी शशिकलाबाईंनी मुख्याध्यापकांना दोन ओळींचं नकाराचं पत्र दिलं. चांदवडकरांनी नाशिकच्या चार शाळांना लिहिलं की तुमच्या बसचालकांना मी मोफत सुरक्षिततेचे धडे देईन. दोन शाळांचं उत्तर आलंय. त्यातल्या एकीनं विचारलंय की तुमचा स्वतःचा अनुभव काय. त्यांनी सव्वीस वर्षांच्या अनुभवासोबत तळ्याची घटनाही लिहून पाठवली. अवधूतच्या कागदांसह.

सध्या ते सराव करतायत. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला घराबाहेर पडायचं आणि पाचला परतायचं. पहिल्या शुक्रवारी द पर्लच्या धक्क्यावर नांगरलेल्या बोटी मोजल्या. गेल्या शुक्रवारी पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावापर्यंत जाऊन आले. रस्ता मोकळा मिळाला, ते साडेचारलाच इमारतीखाली पोचले. शशिकलाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. चांदवडकर गाडीतच बसून होते, गार हवा चालू ठेवून, दोन्ही हात मांडीवर, समोरच्या भिंतीकडे बघत. फोन करून वर बोलावता आलं असतं. त्यांनी केला नाही. अर्धा तास ते तसेच नुसते बसले होते.

पाच वाजता बेल वाजली.